पायाळू शेळी आणि माझी कंबर

ता. ३ जानेवारी १९५८, वालूर. सकाळी ७.

नवी रोजनिशी सुरू. आधीच्या सगळ्या उर्दूत लिहिल्या, ही मराठीत. कारण सरकारच बदललं. आधी निजाम गेला, मग हैदराबाद राज्य गेलं, आम्ही मुंबई राज्यात येऊन पडलो. तीस वर्षं ज्या भाषेत मी पंचनामे लिहिले ती आता कचेरीत कुणी वाचत नाही. माझ्या हातचे सगळे कागद गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकलेत असं ऐकतो. हा पहिला दगा.

दुसरा कंबरेचा. तीस वर्षं गिरदावर म्हणून घोड्यावर बसून गावोगावची पिकं तपासली, तेव्हा कंबर एक शब्द बोलली नाही. पेन्शनवर आलो त्याच महिन्यात बोलायला लागली. उजव्या बाजूने निघालेली कळ टाचेपर्यंत जाते. बसलं की दुखतं, उठलं की जास्त दुखतं. परभणीचा डॉक्टर म्हणाला, आराम करा. तीन महिने आराम केला. आरामाने आणखी दुखलं. डॉक्टरही दगाबाज.

संकल्प: पहाटे उठणे, कण्हणे बंद, उन्हाळ्याच्या आत कंबर पूर्ण बरी करणे.

ता. ४ जानेवारी. सकाळी ९.

उशिरा उठलो. थंडी होती. पहाट उद्यापासून.

ता. ९ जानेवारी.

आमच्या सौ. केशरबाई यांनी आज परस्पर सारजाबाईला घरी बोलावलं. सारजाबाई म्हणजे आश्रुबाची बायको. आश्रुबा गावाबाहेर माळावर राहतो, शेरडं राखतो, हंगामात दोघं ऊस तोडायला जातात. ही बाई पायाळू आहे, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आले, डोकं मागून. पायाळू माणसाने पाठीला तीनदा पाय लावला की उसण जाते, असं सगळा गाव मानतो. मीही मानतो. पण मी गिरदावर होतो! ज्या बाईच्या नवऱ्याच्या ज्वारीचा अंदाज मी घोड्यावरून न उतरता लिहिला, तिचा पाय माझ्या पाठीला?

साफ नकार दिला. सारजाबाई चहा पिऊन गेली. सौ. चिडल्या. म्हणाल्या, "मानसाचा पाय चालत न्हाई, मग एखाद्या जनावराचा लावून घ्या."

रात्रभर विचार केला. मुद्दा कायदेशीरदृष्ट्या बरोबर आहे. जनावराच्या पायात अपमान नाही. घोड्याने मला दोनदा लाथ मारली होती, तेव्हा इज्जतीचा प्रश्न कुणी काढला नव्हता. जनावर फक्त पायाळू पाहिजे. कल्पना अर्थात माझीच.

ता. १२ जानेवारी.

आश्रुबाला बोलावून रीतसर जबाब घेतला. त्याच्याकडे एक चार महिन्यांची पाठ आहे, म्हणजे न व्यालेली लहान शेळी.

मी विचारलं, ही जन्मली तेव्हा आधी डोकं आलं की पाय?

"पाय, साहेब. म्होरले दोन पाय आंधी."

नक्की?

"म्या सोता हातानं धरले की. पर साहेब, शेरडं तर..."

विचारलं तेवढंच बोला, असं मी त्याला सुनावलं. जबाब देणाऱ्याला मोकळं सोडलं की तो भरकटतो, हा माझा तीस वर्षांचा अनुभव. जबाब लिहून वाचून दाखवला, अंगठा घेतला. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, सौ.कडे पाहिलं, मग शेळी दिली. सौ. पदर तोंडाला लावून आत गेल्या. कौतुक वाटलं असावं.

ता. १३ जानेवारी. सकाळी ६.

ट्रीटमेंट सुरू. अंगणात खाट टाकली, मी पालथा झालो. "रुजू हो!" असा हुकूम दिला. शेळी रुजू झाली नाही. सौ.नी माझ्या पाठीवर बाभळीचा पाला ठेवला, तेव्हा झाली. तीनदा पाय लावायचा असतो, हिने मोजून तीसदा लावला. शिवाय बनियन खाल्लं.

पण नंतर खाटेवरून उठलो, ते एका दमात उठलो.

ता. २० जानेवारी.

प्रोग्रेस आहे. आता पाला लागत नाही. मी पालथा झालो की ती आपण होऊन चढते. एका जागी उभी राहून रवंथ करते. तिचं अंग गरम असतं. कळ जिथून निघते नेमका तिथंच तिचा मागचा उजवा पाय पडतो. हे तिला कसं कळतं? डॉक्टरला कळलं नव्हतं.

ता. २ फेब्रुवारी.

काल रात्री सलग झोप लागली. सौ.ना सांगितलं. त्यांनी देवापुढे साखर ठेवली. देवाचा काय संबंध, मी विचारलं.

तिच्यासाठी पाला आणायला रोज ओढ्यापर्यंत जावं लागतं. नोकर पाठवता आला असता, पण औषधाचा पाला नोकराच्या हातचा नको. मी पुढे, दोरी माझ्या हातात, ती मागे. जाताना दोन ठिकाणी बसावं लागायचं, आता एकाच ठिकाणी. याचा शेळीशी संबंध नाही. चालण्याचा एक्झरसाइज वेगळा, उपचार वेगळा.

ता. १८ फेब्रुवारी.

सकाळी ट्रीटमेंटच्या वेळी कुंपणाबाहेर माणसं उभी असतात. आज अकरा होती. काहींनी डोक्यावरची पागोटी काढून हातात घेतली होती. अजून वचक आहे माझा. गिरदावर पेन्शनवर गेला तरी गाव विसरत नाही.

व्यंकटरावही रोज येतो. हा आमच्याच गावचा निवृत्त पटवारी. नोकरीत होता तेव्हा मी दौऱ्यावर आलो की याच्या तोंडचं पाणी पळायचं. आता स्वतःचं स्टूल घेऊन येतो, अगदी गंभीर चेहऱ्याने बसतो. उपरणं तोंडावर धरतो आणि खांदे हलत राहतात. खोकला झाला असावा. त्याला म्हटलं, औषध घे. तो म्हणाला, "साहेब, माजं औषध हितंच हाय." माणूस सुधारला.

ता. ११ मार्च.

पंडितचं पत्र नाही. पंडित आमचा मुलगा, औरंगाबादला सरकारी नोकरीत. सहा महिन्यांत दोन ओळी नाहीत. मागल्या खेपेला म्हणाला होता, बाबा, तुमच्या वेळचं आता काही राहिलं नाही. हा तिसरा दगा, की चौथा? यादी नीट ठेवायला हवी.

आज हे सगळं शेळीला सांगितलं. पालथा होतो, त्यामुळे उशीलाच सांगत होतो म्हणा. तिने मधे तोंड घातलं नाही. नंतर तिला माझ्या पहिल्या दौऱ्याची हकीकत सांगितली, पूर आला तेव्हा घोडा घेऊन दुधना पार केली ती. ही हकीकत सौ. पूर्ण ऐकत नाहीत. शेळीने शेवटपर्यंत ऐकली. हलली नाही. मला मधेच भरून आलं. धूळ फार झाली आहे अंगणात.

ता. ५ मे.

वळवाच्या विजा कडाडल्या. पायाळूवर वीज पडते असं म्हणतात. ताबडतोब शेळीला आत घेतलं, माजघरात बांधलं. आम्हा दोघांमुळे तिचा श्वास कोंडू नये म्हणून सौ.ना ओट्यावर झोपायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "आन् माज्यावर पडली म्हंजी?" मी समजावलं, तुम्ही पायाळू नाही. त्यांनी वाकळ उचलली. पटलं.

ता. १ जून.

उन्हाळा संपला. कंबर पूर्ण बरी झाली नाही, पण संकल्पात कुठल्या सालचा उन्हाळा ते लिहिलेलं नव्हतं.

एक मात्र खरं. पाच महिन्यांत मी कण्हलो नाही. दुखतं, पण ते आता माझ्या उरावर बसलेलं नसतं. दुखणं बाजूला असतं, मी बाजूला असतो. याला शास्त्रात काहीतरी नाव असेल. ग्रंथ लिहायचा विचार आहे. "पायाळू जनावरांचे उपचार, एका अनुभवी अधिकाऱ्याचे." पहिलं प्रकरण उद्या.

ता. २ जून.

शाई संपलेली आहे.

ता. ८ जुलै.

शेळी दोरी तोडून गेली! सकाळी सहाला खाट टाकली, पालथा झालो, "रुजू हो" म्हटलं, कुणी नाही. दुपारपर्यंत कळ टाचेत उतरली. जेवलो नाही. ओढ्यापर्यंत धावत गेलो. धावलो हे नंतर लक्षात आलं.

संध्याकाळी आश्रुबाच्या कळपात सापडली. मी चौकशी केली, आश्रुबा मान खाली घालून म्हणाला, "वयात आली हाय, साहेब." वयाचा काय प्रश्न? मीही वयात आलेलोच आहे. निव्वळ हवापालट होता. माफ केलं.

ता. १३ सप्टेंबर. पोळा.

बैल ज्वारी पिकवतो म्हणून त्याची पूजा, मग जी माणूस उभा करते तिची का नको? कालच सौ.ना तिच्या खांद्यांना तूप-हळद लावायला सांगितली. आज झूल घातली, वेशीतून मिरवली. मी पुढे, फेटा बांधून. मागून बैल, आणि बैलांमागून सगळा गाव. एवढा आनंदी गाव मी कधी पाहिला नाही. बायका भिंतींना टेकून बसल्या होत्या, कुणाकुणाला उभं राहवत नव्हतं. व्यंकटराव तर डोळे पुसत होता. माणसं वरून कठोर, आतून हळवी.

ता. १० ऑक्टोबर.

शेळी अंगाने चांगली भरली. पोट तर विशेष. माझ्या देखरेखीचा परिणाम. वजन वाढल्यामुळे औषधाचा डोसही आपोआप वाढला. आज ती चढली तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि अर्धा तास तोंडातून शब्द फुटला नाही. ट्रीटमेंट मुरते आहे.

सौ. म्हणाल्या, "आता तिला चढू देऊ नका." कारण विचारलं तर म्हणाल्या, "तुमच्यासाठी न्हाई, तिच्यासाठी." बायकांना शेवटी जनावराचीही सवत वाटते.

ता. २८ ऑक्टोबर.

ती आता चढत नाही. खाटेशेजारी बसते, पाठ माझ्या बरगड्यांना लावून. तेवढ्यानेही भागतं, हे नोंदवून ठेवतो. का भागतं ते कळत नाही. पाय तर लागत नाही.

ता. ९ डिसेंबर. दुपारी ३.

क्रमाने लिहितो.

सकाळपासून शेळी अस्वस्थ होती. सौ.नी सारजाबाईला बोलावून घेतलं. अकराच्या सुमारास मला सांगण्यात आलं की शेळी विणार आहे. आधी कुणी सांगितलं नव्हतं. पाच महिने घरात गर्भार शेळी, आणि गिरदावराला खबर नाही!

पण मी स्वतःला सावरलं. घड्याळ आणि कागद घेऊन उभा राहिलो. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी दोन पाय दिसले. पाय! आधी पाय! मी तसाच कुंपणाकडे धावलो आणि जमलेल्या लोकांना ओरडून सांगितलं, पायाळूपण वंशात उतरलं आहे, पिल्लूसुद्धा पायाळू! व्यंकटराव स्टुलावरून खाली पडला. मला वाटलं, भावना अनावर झाल्या.

बाराला पाच कमी असताना दुसरं पिल्लू. पुन्हा पाय! मी म्हणालो, हे परभणीला कळवलं पाहिजे, मुंबईला कळवलं पाहिजे.

तेव्हा सारजाबाई हात पुसत म्हणाली, "साहेब, शेरडं समदी अशीच येत्यात. म्होरले पाय आंधी, त्येच्यावर मुंडकं. गाईची वासरं बी तशीच, म्हशीची बी. पाय आंधी आला न्हाई तर जनावर मरंल की."

सगळी?

"समदी."

कुंपणाबाहेर इतका मोठा हशा झाला की पिंपळावरचे कावळे उडाले. आता कळलं, अकरा माणसं कशाला उभी राहायची. पागोटी का काढायची. खोकला कसला होता.

ता. ९ डिसेंबर. संध्याकाळी.

आश्रुबाला बोलावून तो जबाब त्याच्यापुढे टाकला. म्हणालो, फसवणूक केलीस. तो म्हणाला, "तुमी इचारलं पाय आंधी का डोकं, म्या म्हनलं पाय. ते खरंच हाय. म्होरलं सांगत व्हतो तर तुमी गप केलं." जबाब पुन्हा वाचला. एक अक्षर खोटं नाही. खोट्या जबाबाला कायदा आहे, खऱ्याला काय करायचं?

मग सौ.ना विचारलं. त्या पालमच्या शेतकऱ्याची लेक. लहानपणापासून गोठ्यात वावरल्या. तुम्हाला माहीत होतं?

"व्हतं की."

पहिल्या दिवसापासून?

"हो."

मग बोलला का नाहीत? त्या चुलीकडेच बघत होत्या. म्हणाल्या, "वरीसभर तुमी कण्हला न्हाई. रातच्याला झोपायलाव, ओढ्यापतुर चालायलाव, त्या मुक्या जीवासंगं बोलायलाव. माज्यासंगं बी बोलायलाव. लोक हसायलेत ते मला दिसत नव्हतं व्हय? पर मी कामून सांगू? खरं सांगून तुमाला परत खाटंवर निजवू?"

गाव हसला ते एक वेळ समजू शकतो. गाव म्हणजे गावच. पण ज्या घरात मी तीस वर्षं निर्धास्त झोपलो त्या घरात वर्षभर मला फसवलं गेलं. हा सर्वांत मोठा दगा. यादी इथं बंद करतो, याच्यापुढे लिहिण्यासारखं काही नाही.

ता. १० डिसेंबर.

हुकूम: शेळी व तिची दोन पिल्लं आश्रुबाला परत. तो हात जोडून म्हणाला, टोळी यंदा उशिरा निघाली, चार दिवसांत आम्ही ऊसतोडीला चाललो, बाळंत जनावर कुठं ठेवू? मी म्हणालो, तो तुमचा प्रश्न. सौ. म्हणाल्या, ओली बाळंतीण हाय, चार दिस तर ऱ्हाऊ द्या. चार दिवसांची मुदत दिली. मी कठोर असेन, पण न्यायी आहे.

चार दिवस अंगणात पाऊल टाकलं नाही. म्हणजे टाकणार नाही.

ता. १४ डिसेंबर.

नेली. मी दारात उभा होतो. तिने एकदाही वळून पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं असेल, मी भिंतीकडे तोंड केलं होतं. दगाबाज जात. मोकळं वाटतं आहे.

ता. १६ डिसेंबर.

फार मोकळं वाटतं. रात्री झोप नाही. कळ टाचेत, आता बोटांतही.

ता. १८ डिसेंबर.

सकाळी सहाला जाग आली. अंगणात खाट टाकलेली होती. कुणी टाकली विचारलं, सौ. म्हणाल्या, तुम्हीच. पालथा झालो होतो असंही त्या सांगतात. मला आठवत नाही. खाटेवर पडल्यावर माणूस कुठल्यातरी कुशीवर असणारच.

कुंपणाबाहेर कुणी नव्हतं. हसायलाही आता कुणी येत नाही.

ता. २० डिसेंबर.

आश्रुबाच्या झोपडीकडे सहज गेलो. चालणं तब्येतीला चांगलं असतं. चार ठिकाणी बसावं लागलं. झोपडीच्या दाराला बाभळीची काटी लावलेली, माणसं ऊसतोडीला गेलेली. शेजारची पारूबाई म्हणाली, शेळी आन् पिलं जाता जाता बोरीच्या बाजारात विकली, चंद्रभान व्यापाऱ्याला.

सौ.ना हे सांगितलं नाही. त्यांच्याशी बोलणं बंद आहे. जेवताना एवढंच म्हणालो की बोरीला काही काम निघालं आहे. त्या म्हणाल्या, "दोरी घिऊन जावा."

ता. २४ डिसेंबर. बोरी. सायंकाळी, बस येईपर्यंत.

सगळं लिहून ठेवलं पाहिजे, कारण आज माझी जीत झाली.

बसमध्ये उभा राहूनच आलो. बसवत नव्हतं. गुरांच्या बाजारात चंद्रभान सापडला. त्याच्यापाशी दोनशे शेरडं. सगळी एकसारखी काळी. त्याने विचारलं, तुमची शेळी वळखायची कशी? खूण सांगा.

खूण!

मी म्हणालो, शेळीसारखी आहे. तो म्हणाला, शिंगं कशी? असतील, मी म्हणालो. कान? असावेत. त्याने माझ्याकडे आश्रुबासारखंच पाहिलं. "साहेब, वरीसभर घरात व्हती म्हनता ना?" होती. पण मी नेहमी पुढे चालायचो. आणि ट्रीटमेंटच्या वेळी पालथा असायचो. ती पाठीवर असायची. पाठीला डोळे नसतात.

दोन पिलांच्या सात शेळ्या होत्या. सातही जणींपुढे उभा राहून हाक मारली, "रुजू हो!" एकीनेही कान हलवला नाही. मग जे केलं ते या वहीपलीकडे कुणाला कळू नये, पण बाजारातल्या पाचशे लोकांनी ते पाहिलं. कोट काढला, घडी करून ठेवला आणि धुळीत पालथा झालो.

किती वेळ गेला माहीत नाही. लोक जमले असावेत. कुणी पाणी आणा म्हणालं, कुणी म्हातारं गेलं म्हणालं. मी डोळे उघडले नाहीत. आणि मग पाठीवर चार खूर! तेच वजन. तोच गरमपणा. नेमकं कळ निघते तिथं. मला रडू आलं. उगाच लपवत नाही, हुंदके आले. सारं गाव फितूर झालं, घर फितूर झालं, पण हिने मला ओळखलं.

पिल्लं बरोबर नव्हती. वेगळी विकली असतील, हे लोक काहीही करतात. चंद्रभान मधे काही सांगू पाहत होता, "साहेब, ह्यो तर..." म्हणाला. मी त्याला बोलू दिलं नाही. दोरी बांधली. बसवाला जनावर घेत नव्हता, त्याला माझा जुना हुद्दा सांगितला. तोही ऐकेना. मग टपावर बांधायचं ठरलं.

सौ.ना माफ करण्याचा विचार आहे.

ता. २५ डिसेंबर. वालूर.

काल रात्री बसस्टँडपासून घरापर्यंत मीच पुढे चालत आलो. सौ. ओट्यावर कंदील घेऊन उभ्या होत्या. मी दोरी त्यांच्या हातात दिली. त्यांनी कंदील खाली धरला, वर धरला. मग म्हणाल्या, "आवो, ह्यो बोकड हाय."

कंदील धरून मीही पाहिलं. बोकड होता.

हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या बाजाराला पुन्हा जायचं ठरवलं. या खेपेला खूण लिहून न्यायची. म्हणून सकाळपासून ही वही पहिल्या पानापासून चाळली. ट्रीटमेंटची वेळ आहे, कळेची जागा आहे, झोपेचे तास आहेत. माझ्या कंबरेवर पानंच्या पानं आहेत. शेळीचा रंग कुठं नाही. कान नाही, शिंग नाही, डोळा नाही. तीस वर्षं दुसऱ्यांच्या हरवलेल्या जनावरांचे पंचनामे लिहिले, त्यात शेपटीवरचे केससुद्धा मोजायचो.

स्वयंपाकघरात गेलो आणि सौ.ना विचारलं. त्या पिठाचे हात घेऊन उभ्या राहिल्या आणि एका दमात सांगितलं. "डाव्या कानाला पांढरा ठिपका, चुन्याचं बोट लावल्यावानी. एक शिंग आतल्या अंगाला वळलेलं. म्होरल्या उजव्या गुडघ्यावर केसं न्हाईत, तुमच्या खाटंवर चढू चढू गेली. आन् तुमी आतून खाकरलं की रवंथ थांबवायची. दाराकडं बगत ऱ्हायाची, तुमी बाहीर येस्तोवर."

लिहून घेतलं. डावा कान, पांढरा ठिपका. शिंग आत वळलेलं. उजव्या पुढच्या गुडघ्यावर केस नाहीत.

केशरबाई म्हणाल्या, चंद्रभान एकच जनावर बाजारात दोनदा उभं करत नाही. घेतलेला माल तो त्याच आठवड्यात रेल्वेने हैदराबादेला लावतो. हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं का, ते मी विचारलं नाही. त्यांनी दोरी घेऊन जा म्हटलं होतं, एवढंच आठवलं.

बोकड खाटेशी येऊन उभा आहे. चढायची त्याची तयारी दिसते. मी पालथा झालो नाही. भिंतीला टेकून बसून राहिलो.